काळ्या-पांढऱ्या स्कॅनमधले ठिपके कसे काढावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी पुस्तकं, घरातले दस्तऐवज, दिवाळी अंकांची कात्रणं स्कॅन करणाऱ्या मंडळींकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. इंग्रजी पानांसाठी लिहिलेला सल्ला देवनागरीला जसाच्या तसा लावू नका, हे आधीच सांगून ठेवतो. का, ते अनुस्वाराच्या प्रश्नात येईल. घाईत असाल तर आधी तोच वाचा.

मुळात हे ठिपके येतात कुठून?

बरेचसे कागदातूनच येतात. जुन्या स्वस्त कागदात लाकडाचे, गवताचे तंतू असतात आणि ते नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. दमट हवेत पडलेले तांबूस डाग, कसरीने खाल्लेली भोकं, वाचताना उमटलेले बोटांचे ठसे हेही त्यातच आले. खिळ्यांच्या छपाईत शाई जास्त झाली की अक्षराभोवती बारीक शिंतोडे उडतात. शिळाछापाच्या पुस्तकांत दगडावरचाच कचरा पानावर आलेला असतो. झेरॉक्सची झेरॉक्स काढली असेल तर प्रत्येक पिढीत टोनरची काळी रवाळ पूड वाढत जाते.

काही ठिपके आपल्या काचेवरच्या धुळीचे असतात. आणि उरलेले, बहुतेक वेळा सर्वांत जास्त, ठिपके कागदावर नसतातच. ते आपण तयार करतो. पिवळट कागदाची करडी छटा जागोजागी थोडी गडद-फिकी असते. त्या पानाचं शुद्ध काळं-पांढरं करताना सीमारेषा चुकीच्या जागी ओढली, की सीमेच्या जरा पलीकडे गेलेला प्रत्येक कण काळा होतो. पान मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं. म्हणून ठिपके काढायच्या आधी ते कमी कसे पडतील ते बघावं. फिल्टर नंतर.

काळं-पांढरं आणि करडं यात फरक काय? दिसायला तर सारखंच दिसतं.

करड्या, म्हणजे ग्रेस्केल चित्रात प्रत्येक पिक्सेलला २५६ छटा असू शकतात. काळ्या-पांढऱ्या बिटमॅपमध्ये दोनच: शाई किंवा कागद, १ किंवा ०. अधलंमधलं काही नाही. ए-४ आकाराचं पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, स्कॅन केलं तर २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. करड्यात त्याला न दाबता ८७ लाख बाइट लागतात, तर काळ्या-पांढऱ्यात त्याच्या आठव्या हिश्शात, ११ लाखांच्या आतच काम भागतं. वाचनालयं आणि पीडीएफ करणारे लोक या प्रकाराच्या प्रेमात पडले ते याच कारणाने. शिवाय अक्षर धारदार दिसतं.

या बचतीची किंमत अशी, की एकदा दोनच छटा उरल्या की फिकट अनुस्वार आणि गडद धूळ यांत फरक राहत नाही. दोन्ही काळे.

मग स्कॅनरवर थेट ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडू नये का?

नको. ग्रेस्केलमध्ये घ्या, कागद डागाळलेला असेल तर रंगीत घ्या, आणि काळं-पांढरं नंतर संगणकावर करा. स्कॅनरने आतल्या आत एक सीमा ठरवून टाकली की ती माघारी घेता येत नाही. करडी प्रत हाताशी असेल तर सीमा दहा वेळा बदलून बघता येते.

या सीमेला थ्रेशोल्ड म्हणतात. ती आपोआप ठरवायची सर्वांत प्रसिद्ध रीत नोबुयुकी ओत्सू या जपानी संशोधकाने १९७९ मध्ये मांडली. पानावरच्या छटांचे दोन गट पाडायचे आणि ते एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे पडतील अशी एकच सीमा शोधायची. पान सगळीकडे सारखं उजळ असेल तर ही रीत उत्तम चालते. पण जाड पुस्तकात शिवणीकडे सावली पडते, आणि तिथे ओत्सूची सीमा सगळा भाग काळाकुट्ट करते. अशा पानाला २००० साली प्रसिद्ध झालेली सॉव्होला पद्धत वापरावी. ती प्रत्येक पिक्सेलच्या आजूबाजूचा चौकोन बघून तिथल्यापुरती सीमा ठरवते. सावलीतला कागद सावलीच्या हिशेबाने कागदच राहतो.

रंगीत स्कॅनचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. तांबूस डाग आणि पिवळा कागद लाल चॅनलमध्ये (रंगीत चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी लाल थरात) जवळजवळ पांढरे दिसतात, काळी शाई मात्र काळीच राहते. त्यामुळे रंगीत स्कॅनमधला फक्त लाल चॅनल उचलून त्याचं काळं-पांढरं केलं, तर निम्मे डाग फिल्टर न लावताच जातात. लाल शिक्काही त्यात विरतो. तो हवा असेल तर ही युक्ती वापरू नका. निळ्या शाईचा शेरा मात्र लाल चॅनलमध्ये आणखी गडद होतो.

डीपीआय किती ठेवू?

साध्या छापील मजकुराला ३००, तळटीपा, पंचांग, कोश, बारीक टाइप असेल तर ६००. १५० किंवा २०० ला ठिपके काढायचा विचारही करू नका. कारण आकडा मोजायच्या उत्तरात येईल.

ठिपके काढणारा फिल्टर आत नेमकं काय करतो?

नावं बरीच आहेत, पण तीनच जाती आहेत.

पहिली जात बहुमताची. प्रत्येक पिक्सेलभोवती ३ × ३ ची खिडकी धरायची, आतले नऊ पिक्सेल मोजायचे. पाच किंवा जास्त काळे असतील तर मधला काळा, नाहीतर पांढरा. करड्या चित्रात यालाच मीडियन फिल्टर म्हणतात. आता कागदावर चौकटी काढून बघा. एकटा काळा पिक्सेल आपल्या खिडकीत नऊपैकी एक, म्हणून जातो. २ × २ चा ठिपका घेतला तर प्रत्येक पिक्सेलच्या खिडकीत चारच काळे, म्हणून तोही पूर्ण जातो. ३ × ३ च्या ठिपक्याचे चार कोपरे जातात आणि अधिकचं चिन्ह उरतं. इतपत ठीक. पण बरेच जण ‘अजून थोडे राहिलेत’ म्हणून तोच फिल्टर पुन्हा चालवतात. दुसऱ्या वेळी त्या चिन्हाचे चारही हात जातात, मधला एक पिक्सेल उरतो. तिसऱ्या वेळी तोही जातो. म्हणजे पहिल्या फेरीत वाचलेलं टिंब तिसऱ्या फेरीत नाहीसं होतं, आणि दर वेळी पडद्यावर ‘थोडंसंच’ बदललेलं दिसतं. एक पिक्सेल जाडीची रेघ तर पहिल्याच फेरीत जाते, कारण तिच्या खिडकीत तीनच काळे असतात. जुन्या पंचांगातल्या कोष्टकांच्या बारीक रेघा अशाच गायब होतात.

दुसरी जात झिजवून पुन्हा फुगवायची. ही मॉर्फॉलॉजी नावाची शाखा १९६४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज मातेराँ आणि जाँ सेरा यांनी सुरू केली. ते खनिजांच्या पातळ कापांची रचना मोजत होते, छपाईशी त्यांचा काही संबंध नव्हता. आधी प्रत्येक काळा आकार कडेने एक थर झिजवायचा आणि मग जे उरलं ते एक थर फुगवायचं. जो आकार झिजताना संपला तो परत येत नाही. याला ओपनिंग म्हणतात. ३ × ३ च्या चौकोनाने ओपनिंग केलं तर ज्यात तो चौकोन मावत नाही असं सगळं जातं, मग ते दोन पिक्सेल जाडीचं अक्षराचं शेपूट का असेना. त्यामुळे अक्षरांसाठी मला ही रीत फारशी पसंत नाही. नकाशांना, आकृत्यांना चालते.

तिसरी जात म्हणजे चाळणी. एकमेकांना चिकटलेल्या काळ्या पिक्सेलांचा एक ढीग धरायचा, त्यात किती पिक्सेल आहेत ते मोजायचं आणि ठरवलेल्या आकड्यापेक्षा लहान ढीग पुसून टाकायचे. बाकीच्या अक्षरांना ही रीत अजिबात हात लावत नाही, त्यांची कडा जशीच्या तशी राहते. मजकुराच्या पानाला हीच वापरावी. एक बारकावा: कोपऱ्याला कोपरा टेकलेले पिक्सेल जोडलेले मानायचे की नाही हे ठरवावं लागतं. मानले तर आठ शेजारी, नाहीतर चार. शाईला नेहमी आठ ठेवा, नाहीतर तिरकी बारीक रेघ तुकडे-तुकडे म्हणून मोजली जाईल आणि चाळणीतून गळेल.

फिल्टर लावला आणि अनुस्वार गेले! आता?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. मीही यातून गेलो आहे. घरातलं एक जुनं चरित्र स्कॅन करून मी फिल्टरची पट्टी मध्यावर ठेवली आणि सगळी पानं एकदम चालवली. पहिली चार पानं बघितली, स्वच्छ वाटली. ते पुस्तक मावशीला पाठवल्यावर तिचा फोन आला, ‘अरे, यातले पंत कुठे गेले? सगळीकडे पत आहे.’

इंग्रजीत टिंब म्हणजे पूर्णविराम आणि आय-जे वरचे ठिपके. आय वरचा ठिपका गेला तरी वाचणारा शब्द ओळखतो. आपल्याकडे टिंब हे अक्षराचंच अंग आहे. वंश आणि वश, रंग आणि रग, मंद आणि मद, संत आणि सत. ‘गावांत’ म्हणजे अनेक गावांमध्ये, ‘गावात’ म्हणजे एकाच गावामध्ये. ‘काँग्रेस’मधला ठिपका गेला की ‘कॉग्रेस’ उरते. ‘वाङ्मय’ तर विचारूच नका. ङ च्या पोटाजवळचं टिंब पुसलं की ड होतो, आणि ‘वाड्मय’ लिहिणारे हयात लोक इतके आहेत की ही चूक फिल्टरची की माणसाची हेही कळत नाही. विसर्गाचे दोन ठिपके, दशांशचिन्ह, कवितेतला अपूर्णविराम, सगळे त्याच चाळणीत.

पण सर्वांत वाईट गत होते ती १९६२ च्या आधीच्या पुस्तकांची. त्या वर्षी आलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचं वाक्य ‘त्यानें तें काम केलें’ असं छापलेलं असायचं. यातले तीन ठिपके फिल्टरने खाल्ले तर ‘त्याने ते काम केले’ उरतं. म्हणजे आजच्या नियमाने अगदी शुद्ध वाक्य! मुद्रितशोधकाला शंका येत नाही, चित्रातला मजकूर ओळखणारं ओसीआर कुरकुरत नाही, स्पेलचेकर खूश असतो. आणि १९२० चं पुस्तक १९७० च्या लेखनात बदललेलं असतं. पत-पंताची चूक कोणीतरी पकडतं, ही पकडली जात नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला त्या ठिपक्यातच रस असतो: नपुंसकलिंगी ‘तें’ आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘ते’ यांत छापील पानावर भेद करणारं तेवढंच एक टिंब होतं.

म्हणून उपाय असा: फिल्टर केलेली प्रत टाकून द्या, करड्या प्रतीकडे परत जा आणि आकडा मोजून ठेवा. अंदाजाने नको. पट्टीवर ‘मध्यम’ लिहिलंय म्हणून तर मुळीच नको.

आकडा मोजायचा कसा?

पुस्तकातला सर्वांत बारीक टाइप शोधा. बहुतेकदा तो तळटीपेत किंवा शुद्धिपत्रात असतो. त्यातला सर्वांत फिका अनुस्वार पडद्यावर ८०० टक्के मोठा करून त्याचे पिक्सेल मोजा. मर्यादा त्याच्या निम्म्यावर ठेवा.

एक हिशेब देतो. ३०० डीपीआयला १ मिलिमीटरमध्ये जवळपास १२ पिक्सेल बसतात. मुख्य मजकुरातलं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असेल तर ते साधारण ६ पिक्सेल रुंद, म्हणजे गोलाचं क्षेत्रफळ धरून २७-२८ पिक्सेलांचं. तळटीपेतलं टिंब ०.३ मिलिमीटरचं असेल तर अवघ्या १० पिक्सेलांचं. आता कोणी ‘१५ पेक्षा लहान ढीग काढा’ म्हटलं, तर मुख्य मजकूर छान राहील आणि तळटीपांतले सगळे अनुस्वार जातील. तपासताना आपण तळटीपा वाचत नाही, हे वेगळं सांगायला नको.

तीच टिंबं ६०० डीपीआयला ११० आणि ३९ पिक्सेलांची होतात. धुळीचा कणही त्याच प्रमाणात मोठा होतो हे खरं, पण मिरपुडीचे जे ठिपके थ्रेशोल्डमुळे तयार झालेले असतात ते ६०० लाही एक-दोन-तीन पिक्सेलांचेच राहतात. म्हणजे कचरा आणि टिंब यांच्यातलं अंतर वाढतं, चाळणीला जागा मिळते. २०० डीपीआयला तळटीपेतला अनुस्वार चार पिक्सेलांवर येतो. तिथे जगातली कुठलीही चाळणी कामाची नाही.

खिळ्यांच्या छपाईत आणखी एक पंचाईत. मात्रा-अनुस्वारांचे नाजूक भाग झिजायचे, तुटायचे. त्यामुळे एकाच पानावर एक अनुस्वार ३० पिक्सेलांचा आणि दुसरा १२ चा असू शकतो. मोजताना धडधाकट नको, आजारी टिंब निवडा.

टिंबाचा आकार आणि धुळीचा आकार सारखाच असेल तर?

मग आकारावर भागत नाही, जागा बघावी लागते. अनुस्वार नेहमी शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या जवळ असतो. समासातला किंवा दोन परिच्छेदांमधल्या मोकळ्या पट्टीतला ठिपका कधीच अनुस्वार नसतो. त्यामुळे समास आणि मोकळ्या जागा कडक आकड्याने, मजकुराचा चौकोन सौम्य आकड्याने, असं दोनदा करा. स्कॅन-टेलर हा संगणकावरचा प्रोग्राम काही प्रमाणात हे स्वतःच करतो: मोठ्या आकाराच्या जवळचा लहान ठिपका तो सहसा ठेवतो आणि एकटा पडलेला काढतो. देवनागरीला त्याचं हे वागणं मानवतं.

ओळींमधली धूळ उरली तर उरू द्या. वाचणाऱ्याला चार ठिपके खुपत नाहीत. गाळलेला अनुस्वार मात्र परत कुठून आणणार?

सॉफ्टवेअर कुठलं वापरू?

पुस्तकासाठी स्कॅन-टेलर ॲडव्हान्स्ड. फुकट आहे, पान सरळ करणं, समास कापणं, काळं-पांढरं करणं, ठिपके काढणं सगळं एका माळेत होतं. शेवटच्या टप्प्यात ठिपक्यांसाठी वेगळा कप्पा आहे आणि काय काय पुसलं गेलं ते तो रंगाने दाखवतो. त्या कप्प्यात जाऊन शिरोरेघेच्या वर रंगीत ठिपक्यांची रांग दिसतेय का, एवढं बघा. दिसली तर पट्टी मागे घ्या. ही एक सोय सोडून मी बाकी काही मागत नाही.

शेकडो पानं एका आज्ञेत करायची असतील तर इमेजमॅजिक. त्यात ‘डीस्पेकल’ नावाची तयार सोय आहे, पण काळ्या-पांढऱ्या मजकुराला तिच्यापेक्षा जोडलेल्या ढिगांची, म्हणजे कनेक्टेड कंपोनंट्सची सोय वापरा. तिथे मर्यादा पिक्सेलांत देता येते. पायथॉन येत असेल तर ओपन-सीव्हीमध्ये हेच पाच-सात ओळींत होतं.

अनपेपर झेरॉक्सच्या काळ्या कडा काढायला चांगला. एखाददुसऱ्या पानाला गिंप.

मोबाइलवरची स्कॅन ॲप्स ‘मॅजिक’, ‘क्लीन’ असं काहीतरी करून देतात आणि आकडा विचारतच नाहीत. लाइटबिलासाठी ठीक.

गिंपमध्ये डीस्पेकल दाबताच येत नाही, करडं दिसतं.

चित्र इंडेक्स्ड प्रकारात उघडलंय. इमेज मेनूतून मोड ग्रेस्केल करा, मग फिल्टर चालू होईल. तिथली त्रिज्या आधी १ वर आणा. आपोआप येणारी त्रिज्या फोटोंसाठी असते, अक्षरं खाते. काम झाल्यावर पुन्हा थ्रेशोल्ड लावायला विसरू नका.

काळे ठिपके नाहीत, उलट अक्षरांच्या पोटात पांढरी भोकं आहेत.

शाई कमी पडलेली छपाई, किंवा खरखरीत कागद. चाळणी उलटी चालवा: चित्र निगेटिव्ह करा, लहान ढीग काढा, पुन्हा पॉझिटिव्ह करा. फुगवून झिजवायची क्लोजिंग नावाची रीतही आहे, पण तिच्यापासून जपा. देवनागरीत अक्षराच्या पोटातली पोकळी कामाची असते. ब च्या गोलातली तिरकी रेघ आणि तिच्या दोन बाजूंच्या इवल्या पोकळ्या बुजल्या की व आणि ब सारखेच भरीव गोळे होतात. प आणि ष यांचंही तसंच. जाड शाईच्या पुस्तकात मी क्लोजिंग अजिबात करत नाही. भोकं राहिली तरी डोळा ती भरून घेतो.

तुटलेली शिरोरेघ जोडायची असेल तर चौकोनाऐवजी फक्त आडव्या, ३ × १ च्या पट्टीने क्लोजिंग करून बघा.

प्रत्येक पानावर त्याच जागी ठिपका येतोय.

काच पुसा. फवारा कापडावर मारा, काचेवर नको. कडेने पाणी आत जातं. फीडरमधून कागद घालत असाल आणि पानभर उभी काळी रेघ येत असेल, तर मोठी काच पुसून उपयोग नाही. बाजूला जी बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते तिच्यावर एक कण चिकटलाय. कागद तिच्यावरून सरकतो आणि कण जागेवरच राहतो, म्हणून ठिपक्याची रेघ होते.

मागच्या पानावरची अक्षरं उलटी उमटतायत.

पातळ कागद. पानामागे काळा कार्डपेपर ठेवा. पान थोडं गडद येईल, पण मागची शाई दिसायची थांबेल. कसरीच्या भोकांना मात्र उलट पांढरा कागद लागतो, नाहीतर भोकं काळी येतात. पातळही आणि कसर लागलेलंही असेल तर मी पांढराच ठेवतो आणि थ्रेशोल्डने मागची छाया मारतो.

पानात फोटो आहे. फिल्टर लावल्यावर फोटोचा चेहरा पांढराफटक झाला.

वर्तमानपत्रातला, मासिकातला जुना फोटो हा लहान-मोठ्या ठिपक्यांचाच बनलेला असतो. फिल्टरच्या दृष्टीने तो निव्वळ कचरा. फोटोभोवती चौकोन काढून तेवढा भाग करडा ठेवा. स्कॅन-टेलरमध्ये ‘मिक्स्ड’ प्रकार यासाठीच आहे. रेखाचित्रं, व्यंगचित्रं यांतही सावलीसाठी टिपके दिलेले असतात, तिथेही तसंच.

ठिपके काढल्याने फाइल खरंच लहान होते?

बरीच. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी वापरली जाणारी ‘ग्रुप ४’ ही दाबायची रीत फॅक्सच्या जमान्यातली, १९८४ ची. ती प्रत्येक ओळीत काळं-पांढरं कुठे बदलतं एवढंच नोंदवते, तेही वरच्या ओळीच्या तुलनेत. कोऱ्या ओळीला जवळपास काहीच लागत नाही. पण त्या ओळीत पन्नास ठिपके असतील तर शंभर बदल नोंदवावे लागतात. म्हणून मिरपूड पडलेलं पान स्वच्छ पानाच्या कितीतरी पट जड होतं.

पीडीएफ करताना जेबिग-२ असा पर्याय दिसला तर जरा थांबा. त्यात सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून बाकी ठिकाणी त्याचीच प्रत वापरता येते. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं, की काही स्कॅन-कॉपी यंत्रं या प्रकारामुळे कागदावरचे आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ असे. चित्र अगदी स्वच्छ आणि आकडा चुकीचा. आपल्याकडे जेथे घ आणि ध, भ आणि म यांत कणभर फरक, तिथे ही रीत ‘लॉसलेस’, म्हणजे काहीही न गमावणारी, असेल तरच वापरावी.

ओसीआर करायचंय. आधी ठिपके काढू की तसंच देऊ?

दोन्ही करून बघा, पण सुरुवात करड्या प्रतीने करा. टेसरॅक्ट या ओसीआर-प्रोग्रामला मराठी येतं आणि काळं-पांढरं तो आत स्वतःच करून घेतो. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून तो अक्षर सुटं न बघता पूर्ण ओळ बघतो, त्यामुळे थोड्या धुळीने त्याचं फार बिघडत नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी: शिरोरेघेवरची धूळ तो अनुस्वार म्हणून वाचतो, आणि समासातल्या मोठ्या डागांना तो ओळ समजून काहीतरी अगम्य अक्षरं लिहून ठेवतो. समास साफ करून द्या, मजकुराला हात लावू नका. विकिस्रोतासारख्या ठिकाणी पुस्तक चढवायचं असेल तर हे पाळाच. तिथे तपासणारा माणूस चित्र शेजारी ठेवून अक्षर-अक्षर ताडून बघतो, आणि चित्रातच अनुस्वार नसेल तर त्याने कशाशी ताडायचं?

सातबारा, खरेदीखत, जुना फेरफार… हे साफ करून ठेवावं का?

वाचायला सोपी प्रत म्हणून घरात ठेवा, पण कुठे दाखल करायची असेल ती मूळ स्कॅनचीच, डागांसकट. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने मध्ये टिंब देऊन लिहितात. ०.४५.०० मधलं टिंब धुळीबरोबर गेलं तर काय वाचलं जाईल याचा विचार करा. जमिनीच्या कागदावर ठिपका कमी-जास्त झालेला कोणाला आवडत नाही, आणि ‘सॉफ्टवेअरने केलं’ हे उत्तर तर कोणीच ऐकून घेत नाही.

मोडी कागदांना काय करू?

काळं-पांढरं करूच नका. बोरूच्या शाईत गडद-फिकं असतं, लेखणी कुठे उचलली आणि पुन्हा कुठे टेकवली हे त्यावरून कळतं, आणि मोडी वाचणारे जाणकार त्यावरच अक्षर सोडवतात. रंगीत स्कॅन ठेवा, ६०० ला. तिथे डागही माहितीच असतात.

मूळ करडी प्रत किती दिवस ठेवायची? जागा फार खाते.

३०० पानांचं पुस्तक ए-४ ला ३०० डीपीआयने करड्यात, न दाबता, २.६ जीबी होतं. टिफमध्ये एलझेडडब्ल्यूने किंवा पीएनजीमध्ये ठेवलं तर त्याहून कमी, आणि काही गमावतही नाही. जेपेगमध्ये ठेवू नका. ते अक्षरांच्या कडेला स्वतःची बारीक धूळ घालतं, आणि मग थ्रेशोल्ड लावल्यावर तीच काळी होऊन येते.

किती दिवस? पुस्तक कोणीतरी दुसऱ्याने सलग वाचून काढेपर्यंत तरी. माझ्या त्या चरित्राची करडी प्रत मी जागेअभावी पुसली होती. पुस्तक पुन्हा आणायला गावी गेलो, तेव्हा माळ्यावरच्या त्या पेटीला वाळवी लागलेली होती. पहिली साठ पानं पुन्हा स्कॅन झाली. बाकीच्या पानांत अजून पत आहेत.

सगळं करून दोन-चार मोठे डाग उरलेच, तर?

पडदा २०० टक्के करा, पांढरा ब्रश घ्या आणि हाताने पुसा. पानाला अर्धं मिनिट लागतं. ब्रश शिरोरेघेच्या वर न्यायच्या आधी तो शब्द एकदा मोठ्याने वाचून बघा.